नियंत्रित गट

मी पीएच.डी. करायचं ठरवलं तेव्हा माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे जायला लागल्या होत्या. मीच डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. नोंदणी झाली त्याच आठवड्यात नवरा मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागला. बोईसरच्या कारखान्यात पाळी संपवून आला की अंगातला सगळा शीण तो त्या एका शब्दावर काढायचा. शेजारच्या काकूंनी तर खोकल्याला काय घ्यावं म्हणून विचारूनही घेतलं, आणि मी आल्याचा काढा सांगितला, तोही जरा गंभीर चेहऱ्याने.

विषयाचं नाव मी स्वतः बेतलं होतं: ‘किनारी भागातील प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर अंकीय साधनांच्या वापराचा होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. केळव्याला माहेरी गेले तेव्हा ते काकांना म्हणून दाखवलं. काका अंगणात बसून सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे काय करनार?”

“पोरांना टॅब देणार आणि काय होतं ते बघणार.”

“मंग तसं सांग ना,” म्हणाले, आणि पुढची सुपारी उचलली.

मी तेव्हा दांडीच्या शाळेत पाचवीला गणित शिकवत होते. दांडी म्हणजे कोळ्यांचं गाव, समुद्र शाळेच्या अगदी अंगावर. पाचवीच्या दोन तुकड्या. एका संस्थेकडून वर्षभराच्या बोलीवर टॅब मिळाले होते, ते ‘अ’ तुकडीला घरी न्यायला द्यायचे. त्यात अपूर्णांकांचे खेळ होते, आणि बरोबर उत्तर आलं की एक बाई आतून पुणेरी सुरात “शाब्बास! अगदी अचूक!” म्हणायची. ‘ब’ तुकडीला टॅब नाही. त्यांना फळा, खडू आणि मी. शेवटी दोन्ही तुकड्यांची परीक्षा घ्यायची आणि फरक बघायचा. ‘अ’ हा प्रायोगिक गट, ‘ब’ हा नियंत्रित गट. नियंत्रित गटाने साधनाला हातही लावता कामा नये, नाहीतर टॅबचा गुण कुठला आणि माझा कुठला हे कळणार कसं?

हे सगळं मी मुलांना नीट समजावून सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या. मान डोलावणं म्हणजे समजणं, असं मी इतकी वर्षं शिकवूनही समजत होते, यावरून माझ्या चिकित्सक वृत्तीची कल्पना यावी. ‘ब’ तुकडीच्या मुलांनी एकदा ‘अ’ तुकडीच्या दप्तरांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी वहीत लिहिलं, ‘प्रतिसाद : सहकार्यपूर्ण’.

विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती. या वर्षी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि मी आयुष्यभर नवऱ्याच्या तोंडचीच डॉक्टरीणबाई. म्हणून निकालाचे आकडे हाती आले तेव्हा मी ते तीनदा तपासून पाहिले. दोन्ही तुकड्या सुधारल्या होत्या, आणि सारख्याच.

दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तर खोटं होईल, जेवले, पण चवीकडे लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकदम डोक्यात प्रकाश पडला. ‘ब’ तुकडीला शिकवलं कोणी? मी! टॅबवाल्या मुलांच्या बरोबरीला ती निव्वळ माझ्या खडूच्या जोरावर आली होती. मी बसून निष्कर्षाचं आख्खं पान खरडलं: प्रत्यक्ष अध्यापनाला पर्याय नाही, शिक्षकाचं व्यक्तिमत्त्व, डोळ्यांतली आस्था वगैरे. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला वाचूनही दाखवलं.

“म्हणजे टॅब फुकट गेले?” त्याने विचारलं.

“नाही. म्हणजे मी फुकट गेले नाही,” मी म्हटलं. पोळी वाढताना माझी मान ताठ होती.

‘ब’ तुकडीतली एक मुलगी परीक्षेच्या दिवशी तापाने आली नव्हती. तेवढी एक उत्तरपत्रिका राहायला नको म्हणून शाळा सुटल्यावर मी प्रश्नपत्रिका पिशवीत घालून तिच्या घरी निघाले. वाटेत बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या लागतात. त्यांच्या पलीकडून मला ओळखीचा आवाज आला: “शाब्बास! अगदी अचूक!”

मी वाकून पाहिलं. वलांडीच्या सावलीत ताडपत्रीवर पोरांचा घोळका, मध्ये एक टॅब, आणि टॅबवर बोट ठेवून बसलेली माझी तापातून उठलेली विद्यार्थिनी. तिच्या आजूबाजूला निम्मे ‘अ’, निम्मे ‘ब’. एक ‘ब’ तर त्या पुणेरी बाईची इतकी हुबेहूब नक्कल करत होता की पहिला आवाज नक्की कोणाचा होता, याची मला आजही खात्री नाही.

मला बघताच पोरांची एकच पळापळ झाली. टॅब कोणाच्या तरी फ्रॉकखाली गेला. शेजारी सुकट निवडत बसलेली मुलीची आई लगबगीने उठली आणि हात पुसत पुढे आली.

“बाई, पोरांना वरडू नका. त्यांना मीच सांगितलेलं, कोनाला बोलायचं नाय म्हनून.”

“काय बोलायचं नाही?”

तिने आवाज खाली आणला. “टॅब कमी पडले ना तुमाला. वरूनच कमी आले असतील, तुमी तरी काय करनार? भायेर कळलं तर तुमच्या नोकरीवर यायचं. म्हनून आमीच लावून दिलं, आज ह्या घरी, उद्या त्या घरी. होडी लागली का किनाऱ्यावर हुबा असंल त्याला मूठभर तरी मावरं देतात बाई. मंग पोरांनाच कसं नाय द्यायचं?”

म्हणजे वर्षभर सगळं गाव मला सांभाळून घेत होतं. शाळेत ‘ब’ तुकडी टॅबकडे बघायचीसुद्धा नाही, आणि मी ते माझ्या संशोधनाच्या शिस्तीच्या खात्यावर लिहीत होते. प्रत्यक्षात पोरं माझी अब्रू राखत होती.

मला खरं म्हणजे खूप हसू यायला हवं होतं. पण मी पडले संशोधक. मी त्या बाईला नियंत्रित गट समजावून सांगायला लागले. दोन गट का लागतात, एकाला देऊन दुसऱ्याला का द्यायचं नसतं, फरक कसा मोजतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

“म्हंजे तुमी मुद्दाम नाय दिलं?”

पोरंही माझ्याकडे बघत होती. अपूर्णांक चुकला तरी ती कधी तशी बघत नाहीत. 

“छे, छे,” मी म्हटलं. “कमीच पडले.”

“तेच मी बोलते!” तिचा चेहरा मोकळा झाला, आणि नको नको म्हणताना तिने माझ्या पिशवीत सुके बोंबील कोंबले. ते प्रश्नपत्रिकेला लागले. मी परीक्षा न घेताच परत आले, आणि घरी आल्या आल्या माझ्या डोळ्यांतल्या आस्थेचं ते पान फाडून टाकलं.

माझ्या मार्गदर्शक सरांना मी सगळं सांगितलं. वलांड्यासुद्धा सांगितल्या. सर हसले नाहीत. “बाई, तुमचा नियंत्रित गट दूषित झाला,” ते म्हणाले. “हे आकडे वापरता येणार नाहीत. मी विद्यापीठाकडे खास बाब म्हणून आणखी काही महिने मागतो, तुम्ही दुसरी जागा शोधा. जिथे या गटाचं त्या गटात जाणार नाही अशी.”

महिने मिळाले, आणि मी शोधायला लागले. शेजारच्या घिवली गावाचा विचार केला, तर दांडीतल्या निम्म्या घरांचे सोयरे घिवलीत. केळव्याचा केला, तर तिथे माझेच भाऊबंद, आणि वाड्यांच्या कुंपणातून पोरं आणि पपया दिवसभर इकडून तिकडे जातात. एका संध्याकाळी मी बोईसरला आमच्या फ्लॅटमध्ये दार लावून, डोकं धरून ‘माणसं मिसळत नाहीत अशी जागा’ शोधत बसले होते. दार लावून बसले आहे हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

माझी मुलगी बोईसरच्याच शाळेत पाचवीत होती. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली, संस्थेने टॅबची मुदत वाढवून दिली. कोण कुठल्या गटात, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. माझी मुलगी ‘अ’मध्ये आली. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये उत्तरेकडून आलेलं एक कुटुंब राहतं, वडील माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात. त्यांची त्याच वर्गातली मुलगी ‘ब’मध्ये आली. दोघी एका रिक्षातून शाळेत जायच्या, एका जिन्याने वर यायच्या आणि आपापल्या दारातून आत जायच्या.

या वेळी आकडे असे आले की सर फोनवरच म्हणाले, “वा! याला म्हणतात नियंत्रण.” टॅबवाला गट पुढे, बिनटॅबचा मागे, मध्ये स्वच्छ फरक. मी पेढे आणले. खूप आनंद झाला होता, उगाच नाही म्हणत नाही. नवऱ्याने त्या दिवशी ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं तेव्हा त्यात पहिल्यांदाच थोडा आदर होता, निदान मला तसं वाटलं.

त्या आनंदात मी मुलीला म्हटलं, “आता परीक्षा झाली. टॅब परत करायला अजून वेळ आहे. समोर देऊन ये, खेळू दे तिलाही.”

ती जरा नाराजीनेच गेली. मी पेढ्यांचा पुडा घेऊन मागोमाग दारात आले. समोरचं दार अर्धं उघडलं. त्या मुलीने टॅबकडे पाहिलं, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि माझ्याकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाली, “नहीं आंटी. वो आपके घर का है.”

“अरे, ले लो बेटा, सब का है,” मी म्हटलं. माझं हिंदी तसंही कच्चं, पण हे वाक्य फारच खोटं वाटलं. तिने मान हलवली. पेढा मात्र घेतला, थँक्यू म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.

“मला माहीत होतं ती घेणार नाही,” माझी मुलगी म्हणाली आणि टॅब घेऊन आत गेली.

मी पुडा हातात घेऊन तिथेच उभी राहिले. लाज वाटली. कोणासमोर, ते सांगता येत नाही, कारण जिन्यात कोणीच नव्हतं. मग आत येऊन मी दार लावलं आणि लॅपटॉप उघडला. चौथ्या प्रकरणात एक वाक्य लिहायचं राहिलं होतं. ते मी लिहिलं, आणि पदवी मला त्याच्याच बळावर मिळाली: ‘नियंत्रित गटातील एकाही विद्यार्थ्याने साधनाला हात लावल्याचे आढळले नाही.’