धोंडा शुक्रवारीच सरकला

माझं आयुष्य बदललं ते मी येशू ख्रिस्ताला दोन दिवस आधी उठवलं, त्या संध्याकाळी.

हसू नका... खरं सांगतोय. दुष्काळाचं साल, त्र्याहत्तर असावं. नगरच्या कॉलेजात सरांशी भांडून, वर्गाचं दार थाडकन आपटून मी मधूनच गावी परत आलो होतो. मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात चर्चच्या पाळकसाहेबांची मुलगी सलोमी. परत येण्याचं खरं कारण तेच, हे घरचे सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

ईस्टरच्या आठवड्यात पाळकसाहेब चर्चच्या अंगणात कीर्तन करायचे. पेटी, तबला, टाळ, सगळं रीतसर. गावातली शेतकरी मंडळीही पोराबाळांसकट येऊन बसायची. गुड फ्रायडेला येशूच्या कबरेच्या तोंडाशी धोंडा लावला, की कथा थांबायची, सगळे गुपचूप घरी. पुढचं रविवारी पहाटे... ही रीत कधी मोडली नव्हती.

त्या वर्षी साहेबांचा घसा बसला. मला बोलावून म्हणाले, "उत्तररंगातली कथा तू सांग. धोंडा लावायचा आणि खाली बसायचं. नीट निभावलंस, तर ईस्टरनंतर तुझ्या वडिलांशी बोलतो." कशाबद्दल, ते विचारायची गरज नव्हती... आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या होत्या.

शुक्रवारी मी भलताच रंगात आलो. वधस्तंभापाशी बायका डोळे पुसायला लागल्या. धोंडा लावला, टाळ खाली ठेवले... आणि कुणी उठेचना!

पुढेच बसलेली शेजारची सोनामावशी म्हणाली, "आरं लेकरा, फुडं काय झालं?"

"ते रविवारी, मावशी."

"रईवारी आमी हितं न्हाई. उद्या पाझर तलावाच्या कामावर जायचंय. तवर त्या माउलीच्या लेकराला आसंच आंधारात ठिवायचं व्हय?"

तेवढ्यात मागून किराणावाल्या बबनचा आवाज आला, "जाऊ द्या मावशी! ह्यानं कालेजबी आर्धंच सोडलं, गोष्टबी आर्धीच सोडनार!"

अख्खं अंगण हसलं. सलोमीसुद्धा... तोंडावर पदर धरून.

झालं! डोकंच फिरलं माझं. टाळ उचलले आणि ओरडलो, "अर्धी? ही घे पुरी! धोंडा सरकला! कबर रिकामी! उठला!!"

तबलजीनं काय समजून कोण जाणे, दणकून ठेका धरला. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. सोनामावशीनं माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.

फक्त पाळकसाहेब बसून होते, डोळे मिटून. बसलेल्या घशातून एवढंच बाहेर आलं, "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

शनिवार कसा गेला ते विचारू नका... सगळं संपल्यावर येशूचे शिष्य दारं लावून का बसले असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी उजाडायच्या आत आमची चर्चची मंडळी कंदील घेऊन, गाणी म्हणत ईस्टरच्या उपासनेला कब्रस्तानाकडे निघाली. मी सगळ्यांत मागे. वळणावर बघतो तर समोरून बायकांचा हा मोठा घोळका, आणि पुढे सोनामावशी! कामावरच्या बायांना गोष्ट सांगून सांगून, तलावावरून चालवत घेऊन आली होती.

साहेब चकित. "सलाम, बाई. तुम्हाला कुणी बोलावलं?"

"तुमच्या जावयानं!" मावशीनं थेट माझ्याकडे बोट केलं. "ह्यास्नी म्हनलं, चला, उठल्यालं बघून येऊ. मरत्यालं काय, औंदा रोजच बघतोय."

जावई म्हटल्यावर कंदिलाच्या उजेडातही साहेबांचे कान लाल झालेले दिसले. पण त्या बायांना त्यांनी सगळ्यांच्या पुढे नेऊन बसवलं.

उपासना झाल्यावर मला साहेबांच्या घरी यायचा निरोप आला. मी उंबऱ्याबाहेरच थबकलो, तर म्हणाले, "ये आत. आता काय उरलंय!"

आणि स्वतःशीच हसले. "रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा बायकांनीच आणली होती. दर वर्षी मीच सांगतो हे... आणि आज बघतच राहिलो." मग आवाज चढवून, "पुढच्या वर्षी शुक्रवारी तू फक्त टाळ वाजवायचे! बोलायचं ते रविवारी."

पुढच्या वर्षी... म्हणजे पुढच्या वर्षी मी होतो तर!

"आणि वडिलांना सांग, संध्याकाळी घरी असा म्हणावं."

आतल्या खोलीत पुन्हा बांगड्या वाजल्या. मला काहीतरी मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण उठलो, सलाम केला, बाहेर आलो... आणि आयुष्यात पहिल्यांदा, दार न आपटता हळूच लावून घेतलं.