बाराचा भोंगा

काल लेकीनं मराठीच्या पुस्तकातून मान वर करून विचारलं, "आई, मध्यान्ह म्हणजे काय गं?" माझ्या तोंडून नकळत निघालं, "भोंगा." ती हसली. मी मात्र सोलापुरात, आमच्या मिलच्या चाळीत जाऊन पोचले.

तिथं दुपारचे बारा कुणी घड्याळात बघतच नसे. मिलचा भोंगा झाला, की बायका डबे घेऊन गेटकडं निघायच्या. त्या दिवशी ऊन ऐन भरात आलं, कडुलिंबाची सावली बुंध्यापाशी गोळा झाली, तरी भोंगा काही होईना. आई भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा बांधून उंबऱ्यात बसली होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाबा दिसले. त्यांच्यामागं चाळीतले सगळे पुरुष. भरदुपारी बाबांना घरी आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अवो, भोंगा कुटं झालाय अजून?" आई म्हणाली.

"गेटला कुलूप लावलंय. आता न्हाय व्हायचा भोंगा."

आईनं डब्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मग बारा वाजल्यालं कळायचं कसं?"

असं काय विचारते ही, म्हणून मला तिचा रागच आला. आता वाटतं, तेवढ्या धक्क्यात तिला दुसरं काही सुचलंच नसेल.

दुसऱ्या दिवशीही ऊन डोक्यावर आल्यावर तिनं डबा भरला, फडक्यात बांधला आणि भिंतीला टेकून बसलेल्या बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.