देवीनं जग का फोडलं

गेममधली देवी शेवटी जग फोडणार, हे ठरलेलं होतं. का फोडणार, ते धाकटीनं लिहायचं होतं. ती एका गेम कंपनीत गोष्टी लिहायची. लोभ, सूड, शाप, सगळं लिहून झालं. तिचा डिझायनर दर वेळी म्हणायचा, "पटत नाही गं. स्वतःच्या हातानं घडवलेलं कोणी उगाच फोडतं का?"

तेव्हा तिला ताई आठवली. पोटातलं बाळ गेल्यावर ताई माहेरी आली होती. काही दिवस गप्प गप्प होती. मग एका दुपारी तिनं स्वयंपाकघरातल्या कपबश्या, काचेचे पेले, आईनं जिवापाड जपलेला डिनर सेट, सगळं एकेक करून फरशीवर टाकलं. आई बाजारातून आली तेव्हा ती काचांच्या मधोमध उभी होती. "डोकं फिरलंय हिचं," म्हणत आईनं झाडू घेतला. पुढे घरात कुणी तो विषय काढला नाही.

धाकटीनं तो प्रसंग जसाच्या तसा उचलला. देवीचं तान्हं मूल जातं आणि जग मात्र खुशाल चालू राहतं, म्हणून ती संतापून एकेक डोंगर उचलून आपटते. डिझायनर खूश झाला. "कुठून सुचलं?"

"असंच," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं डबा न खाता तसाच घरी नेला.

गेम बाजारात येण्याआधी ती ताईच्या शिवणकामाच्या दुकानात गेली. ताई एका कोटाला अस्तर लावत होती. धाकटीनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

ताईनं मशीन थांबवलं. "विचारायचंस तरी."

"चुकलं गं."

"आणि संताप कुठला? पहिला कप हातातून निसटला. एवढा आवाज झाला, कुणी आलं नाही. मग दुसरा मुद्दाम टाकला. वाटलं, आता तरी येशील."

"मी?"

"घरात दुसरं होतं कोण?"

"मला ऐकू आलं होतं, ताई."

"माहितीये. स्वयंपाकघराच्या दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसत होते."

"काढून टाकू का ते?" धाकटीनं विचारलं.

"राहू दे. पण लिहिलंच आहेस तर खरं लिही." ताईनं पुन्हा मशीन सुरू केलं.

धाकटीनं प्रसंग बदलला. आता देवी एक डोंगर फोडते, थांबते, कानोसा घेते, मग दुसरा उचलते. आवाजाचं रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागणार म्हणून डिझायनर कुरकुरला, पण वाचल्यावर त्यानं होकार दिला.

"एवढ्या आवाजानं कुणीच कसं येत नाही?" त्यानं विचारलं. "कुणीतरी असेलच ना तिथं?"

"आहे. तिची बहीण आहे, दारापाशीच."

"मग?"

"तिला कळत नाही, आत जाऊन बोलायचं काय."

"बस, एवढंच कारण?"

"एवढंच," धाकटी म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता तिनं पुढचं पान उघडलं.