जुळलेले अंगठे

साल दोन हजार सतरा, माझं वय अठ्ठ्याहत्तर. मोरीत घसरून पडलो आणि खुब्याचा फोटो काढायची वेळ आली. हाड मोडलं असेल तर सलूनात खुर्चीमागं उभं राहणं संपलं, हे मला ठाऊक होतं.

टेबलावर उताणा निजवून फोटोवाली पोरगी म्हणाली, "आजोबा, पायाचे अंगठे जुळवा, टाचा लांब ठेवा. म्हणजे खुब्याचं हाड लपत नाही."

"माझे पाय जन्मापासून बाहेरच बघतात."

"मग आज घटकाभर एकमेकांकडं बघू देत. दुखलं तर सांगा, जोर करणार नाही."

तिनं दोन्ही पाय हलकेच आत वळवले. पाया पडणाऱ्यालाही मी लांबून नमस्कार कर म्हणतो, पण तिला पायांना हात लावू दिला. आयुष्यभर मी दोन बोटांनी लोकांच्या माना वळवल्या. पाटलानंही कधी का म्हणून विचारलं नाही. जाणता हात लागला की अंग आपणहून सैल होतं. ते सुख कसं असतं, हे मला त्या टेबलावर समजलं आणि हसू आलं.

"आजोबा, हसायचं नंतर. आता हलू नका."

हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस पडून राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऊन अंथरुणावर येईपर्यंत पडून राहिलो आणि मग जाऊन दुकान उघडलं.