मोतिया रंगाचा रेडिओ

माझी थोरली बहीण लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात माहेरी आली, तेव्हा तिच्याजवळ पेटी नव्हती की पिशवी नव्हती. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला रेडिओ तेवढा तिनं पोटाशी धरला होता. मालेगावच्या बसमधून उतरून गावापर्यंतची चिखलाची वाट ती तशीच तुडवत आली होती. दारात आल्यावरही तो ती कुणाच्या हाती देईना.

रेडिओ भाऊजींचा होता. ते एका कचेरीत शिपाई होते आणि सत्तरच्या दशकात त्यांच्या गावात, किन्हीराजात, ज्याच्या खांद्याला ट्रान्झिस्टर लटकलेला असे त्याला लोक रस्ता सोडत. भाऊजींना तेच हवं असायचं. त्या पावसाळ्यात घर गळत होतं आणि रेडिओला ओल लागून तो नुसता खरखरत होता. बहिणीनं काय केलं, ओल्या लाकडाला आपण चुलीच्या उबेला ठेवतो, तसा रेडिओ चुलीजवळ ठेवला. आवाज सुधारला. पण एका अंगानं प्लॅस्टिक भाजलेल्या पापडासारखं सुरकुतलं आणि तिथला मोतिया रंग जाऊन तपकिरी डाग पडला.

"मंग काय म्हनले थे?" आईनं विचारलं.

"म्हनले, पयले होता तसा झाल्याबिगर घरात याचं नाई."

"येक डबडं जयलं म्हनून कोनी बायको धाडते काय?" आई म्हणाली आणि तिनं डोक्याला हात लावला. पण वडिलांना त्या बोलण्यात वाट दिसली. ते म्हणाले, "म्हंजे झाल्यावर याचं. करून देऊ पयल्यासारखा." मलाही तसंच वाटलं. रेडिओ नीट झाला की तिनं परत जायचं, असाच अर्थ आम्ही सगळ्यांनी त्या वाक्याचा घेतला आणि त्या अर्थाला घट्ट धरून बसलो.

वडील एका शेतकऱ्याकडे सालदार होते. आमच्या घरातला पोळा आम्ही बुद्धाच्या धम्मात आलो तेव्हाच बंद झाला होता, पण मालकाच्या बैलांची शिंगं पोळ्याला वडीलच तासत, त्यांना तेल चोळत आणि रंगवत. त्यांच्या हातची शिंगं अशी चकाकत की गाव बघायला येई. म्हणून रेडिओ हातात घेऊन, उलटासुलटा करून ते म्हणाले, "शिंगच समजा याले." मॅट्रिकच्या वर्गात फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा ब्रश धरायचा मान मला मिळाला.

रंग आणायला आम्ही तिघं मालेगावला गेलो. दुकानदारानं विचारलं, कोणता रंग? वडील म्हणाले, ताकासारखा. बहीण म्हणाली, साईसारखा. मी म्हटलं, मोतिया. तो माणूस वैतागून म्हणाला, "बाप्पा, पांढरा हाये न् पिवळा हाये. बोला." आम्ही दोन्ही डब्या घेतल्या. परत येताना बहीण प्रथमच थोडी हसली. म्हणाली, एवढा शिंगार तर माझ्या लग्नात माझाबी नव्हता झाला.

वडिलांनी फुटक्या काचेच्या कडेनं ती सुरकुती तासून काढली. फार हलक्या हातानं, जणू खाली जिवंत मांस आहे. मग तळहातावर जवसाचं तेल घेऊन त्यांनी सगळा रेडिओ चोळला, कारण शिंगाला तेल पाजल्याशिवाय रंग बसत नाही हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. शिंग तेल पिऊन टाकतं. प्लॅस्टिक पीत नाही, हे आमच्यात कुणाला ठाऊक असणार? मी वरून रंग दिला. झकास दिसला. आम्ही तो उतरंडीवर वाळत ठेवला.

तो वाळलाच नाही. सकाळी बोट लावलं तर बोट चिकटलं. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. त्यावर माश्या बसून अडकल्या, चुलीची राख उडून बसली, कापसाचे तंतू चिकटले. बहीण दर थोड्या वेळानं जाऊन बोट लावून बघायची आणि तिच्या बोटाचे ठसे त्यावर उमटत राहायचे. शेवटी वडील तिच्यावर खेकसले, "हात नको लावू म्हनलं न!" ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि पदराला बोट पुसत राहिली, रंग निघून गेल्यावरही.

त्याच आठवड्यात बाजारात आईला किन्हीराजाची एक बाई भेटली. आईनं आडून आडून चौकशी केली. ती बाई सरळ म्हणाली, "तथी तं तुमच्या पोरीचं कोनी नावबी काढत नाई." आईनं घरी येऊन हे फक्त मला सांगितलं. मी संतापले. तो रेडिओ उचलावा आणि विहिरीत टाकावा असं मला वाटलं. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला.

पण बहिणीला रेडिओशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. तिची समजूत पक्की होती: हा नीट झाला की आपण घरी. जेवताना तिचं लक्ष तिकडे, बोलताना तिकडे. रात्री मी कूस बदलली तरी ती विचारायची, "वाळला असन काय व आता?" मी झोपल्याचं सोंग करायची, कारण काय सांगणार?

उपाय शेवटी तिनंच काढला. तेलकट भांडं राखेनं निघतं, मग हे का नाही? ओलसर चिंधीवर चाळलेली राख घेऊन ती दिवसभर घासत बसली. बटणांच्या फटीत, तारेच्या भोकाशी, जाळीच्या कडेनं. रंग गेला, तेल गेलं, तिच्या बोटांची सालं निघाली. मग तिनं मला ब्रश घेऊच दिला नाही. चूल पोतारताना पांढऱ्या मातीचा बोळा जसा टेकवत नेतात, तसा कापडाचा बोळा तिनं रंगात बुडवला, पिळला आणि टेकवत नेला. पातळ एक हात, तो वाळला की दुसरा. रंग किती मिसळायचा हेही तिनंच ठरवलं. बॅटरीच्या झाकणाला आतून मूळ रंग शाबूत होता. त्याच्याशी ती प्रत्येक मिश्रण लावून बघत होती, उजेडात, सावलीत, परत उजेडात.

झाला तेव्हा तो खरंच पहिल्यासारखा झाला होता. भाजलेली बाजू कोणती, हे मला शोधून सापडेना. वडिलांनी झाकण उघडून आतला रंग पाहिला, बाहेरचा पाहिला आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. आईनं तिला नवं लुगडं नेसवलं. तिचं जे काही होतं ते बोचक्यात बांधलं, कारण ती आता जाणार होती.

किन्हीराजाला आम्ही तिघं गेलो. भाऊजी ओट्यावरच बसले होते. वडिलांनी धडपं सोडून रेडिओ त्यांच्या पुढ्यात ठेवला. भाऊजींनी तो फिरवून पाहिला, नखानं कड खरवडून पाहिली, कानाशी नेऊन लावला. बातम्या चालू होत्या. थोडा वेळ त्यांनी ऐकल्या. बहीण ओट्याच्या पायरीशी बोचकं घेऊन उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"मस्त झाला," ते म्हणाले. "वयखूबी येत नाई."

वडिलांचा चेहरा उजळला. "पोरीनं केला जवाईबुवा. सारा तिनंच केला." आणि ते बहिणीला म्हणाले, "जाय व बाई, घरात जाय."

भाऊजी उठून दारात उभे राहिले. "थांबा. म्या रेडिओचं म्हनलं होतं. हिचं कुठी म्हनलं?"

वडिलांना आधी समजलंच नाही. "पन तुमीच म्हनले न, झाल्याबिगर घरात याचं नाई..."

"रेडिओ आनाचा नाई म्हनलं होतं," भाऊजी म्हणाले, रेडिओ घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

वडिलांनी हाक मारली, दार वाजवलं, मग वाजवणं थांबवलं. मी मात्र बोलले, त्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. शेजारच्या दारांत माणसं आली, पण कुणी मधे पडलं नाही. बहीण ओट्यावर बसली. मी तिचा दंड धरून ओढलं तर ती हलेना.

"तुमी जा," ती म्हणाली. "सांजचा सैपाक माझ्याकडंच रायते. बलावतीन आता."

आम्ही थांबलो. उन्हं ओट्यावरून उतरली. आतून गाणी ऐकू येत होती, स्वच्छ, अजिबात खरखर नव्हती. ती दाराकडे पाहत बसली होती, बोचकं मांडीवर. मग कौलांमधून धूर निघाला. आत कुणीतरी चूल पेटवली होती. तिनं तो धूर बराच वेळ पाहिला, लुगडं झटकलं आणि आमच्या आधी सडकेकडे चालू लागली.