दोन नंबरची पिचकारी

गाडी बंद पडण्याचं मला एरवी काही वाटत नाही. माझ्या सगळ्याच गाड्या माझ्यासारख्या, मधेच थांबून विचार करणाऱ्या. पण पळसदरीच्या पुढच्या चढावर ही थांबली, तेव्हा मागच्या सीटवर नववा महिना लागलेली माझी लेक होती, मागे खडीने भरलेला डंपर हॉर्न वाजवत होता आणि गाडीत पेट्रोलचा उग्र वास सुटला होता. माझे हात स्टिअरिंगला चिकटले ते चिकटलेच. हँडब्रेक ओढायचा असतो, हेही शेवटी लेकीनेच सांगितलं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कडावला आलेली. डॉक्टरीणबाई खोपोलीच्या. व्याह्यांचं म्हणणं होतं, एवढ्या लांब कशाला, आमच्याकडे शेलूलाच राहू दे तिला, दवाखाना जवळ आहे. तेव्हा मी बैठकीत ऐटीत म्हणालो होतो, "दारात गाडी उभी आहे आमच्या. काळजी कसली करता?" आता त्या चढावर, कपाळाला घाम आलेला असताना, तेच वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. जसं काही घडलंच नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. कायमची बंद पडलेली गाडी निदान खरं तरी बोलते.

दोष कुणाचा, हे मी घरी पोचायच्या आत ठरवून टाकलं होतं. दिवाळीत जावईबापू गाडी घेऊन चार दिवस फिरले होते. त्यानंतरच तिची ही नाटकं सुरू झाली. जावयाला तोंडावर बोलायची आपल्यात रीत नाही, म्हणून त्यांना सोडून मी बाकी सगळ्यांना बोललो. बायकोला, शेजाऱ्यांना, दूधवाल्यालासुद्धा. लोकलने जाणाऱ्या माणसाला गाडीची काय कदर, असं बरंच काही.

कर्जतला माझ्या एका वर्गमित्राचं गॅरेज आहे. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हापासून माझ्या पाठीमागेच बोलतो. त्याने प्लग बदलले, कसलासा फवारा मारून दहा जागा साफ केल्या आणि सांगितलं, "आता बघ, ही गाडी तुला पोचवून एकटी घरी येईल." ती माझ्या फाटकात शिरताना बंद पडली.

मग मात्र त्याने यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, दोन नंबरच्या इंजेक्टरच्या लाइनीत गडबड. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी पिचकारी. अशा चार असतात, आणि कधी उडायचं हा हुकूम प्रत्येकीला तारेतून येतो. मी म्हटलं, मग टाक की नवी. तो तयारही झाला होता, पण नवी पिचकारी त्या दिवशी मिळेना. म्हणून त्याने दोन नंबरची काढून तीनला बसवली आणि तीनची दोनला. पिचकारी खराब असेल तर तक्रार तिच्याबरोबर तीनवर जाईल, असा हिशेब. फेरी मारून आलो. तक्रार दोनवरच.

"म्हंजे पिचकारीचा काय दोष न्हाई," तो म्हणाला. "तिला हुकूमच चुकीचा मिळतोय. तारेत बघावं लागंल."

त्या रविवारी जावई लेकीला भेटायला आले होते. तारेचं काम मित्राने आमच्या अंगणातच काढलं. बायको, लेक, जावई, सगळे ओट्यावर. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "कुणी गाडी दणकावली, तर तारा तुटू शकतात ना रं?" जावई चहा पीत राहिले.

मित्राने मला आत बसवून इंजिन सुरू ठेवायला सांगितलं आणि हातोडीच्या लाकडी मुठीने एकेक तार हलवत निघाला. इंजिन गुरगुरत होतं. एका जागी मूठ लागली आणि ते गचके खाऊन मेलं. परत सुरू केलं, परत त्याच जागी मूठ, परत मेलं. पेट्रोलचा तोच वास आला. इतके दिवस जे मनात येईल तेव्हा यायचं, ते आता सांगितलं की येत होतं.

तो बॉनेटखाली वाकला, पक्कड मागितली आणि बराच वेळ काहीतरी उलगडत बसला. मग हात वर केला. हातात बांधकामाची काळी तार, तिच्यात अडकलेलं आंब्याचं वाळकं पान आणि झेंडूचा एक देठ.

"पिचकारीला हार कुनी घातला रं?"

मी दसऱ्याला गाडीची पूजा केली होती. लोक हार पुढच्या जाळीला बांधतात. मला वाटलं, राबतं ते इंजिन आणि मान जाळीला? म्हणून बॉनेट उघडून हार थेट इंजिनाला. दोरा तुटतो म्हणून शेजारच्या इमारतीच्या कामावरची सळया बांधायची तार आणून चांगली पिळून आवळली. फुलं गळून गेली. तार हादऱ्याहादऱ्याने पिचकारीच्या वायरचं कातडं कापत बसली. उघडं तांबं लोखंडाला टेकलं की पिचकारी उघडीच राहायची आणि इंजिन पेट्रोलमध्ये बुडायचं.

तरी मी म्हणालो, ही तार गॅरेजमध्येच राहिली असेल.

लेकीने फोन पुढे केला. फॅमिली ग्रुपवर मीच टाकलेला फोटो. हार घातलेलं इंजिन, आणि शेजारी कंबरेवर हात ठेवून मी.

जावई पहिल्यांदाच बोलले. "मलाही आला होता. मी अंगठा दिला होता."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या चढावर त्यांचं अख्खं घर माझ्या तारेला टांगलेलं होतं, हे मला अंगणात उभं राहून उमगलं आणि मी खाली पायरीवरच बसलो.

मित्राने वायर जोडली, वर नवं वेष्टण चढवलं, दहादा मूठ आपटून पाहिली. इंजिन एकदाही गचकलं नाही. जावयांनी रजा टाकली आणि आमच्याकडेच राहिले.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. बायको टायरखाली लिंबू ठेवायला आली, तिला मी अडवलं नाही. बॉनेटसमोर मात्र उभा राहिलो. किल्ली जावयांच्या हातात दिली.

पळसदरी मागे गेली. चढ आला. पुढे एक डंपर रखडत होता, तेव्हा आमचीही गाडी हळू झाली. मी डॅशबोर्डला कान लावल्यासारखा वाकलो होतो. मागून लेकीचा आवाज आला, दोन कळांच्या मधला, दमलेला.

"बाबा, श्वास घ्या."

मी घेतला. पेट्रोलचा वास नव्हता.