चामोर्शीचा लाकडी कॅमेरा आणि अडून बसलेल्या सगुणाबाई

आमच्या घरी माझं कॅमेऱ्याचं वेड आजारात धरतात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीत होतो. पाय मोडलेला एक पेशंट टेबलावर पडल्या पडल्या माझं मशीन न्याहाळत म्हणाला, "आमच्या चामोर्शीले डोमाजीभाऊकडं मोठ्ठा क्यामेरा हाये. लाकडाचा. इकून टाकाचा हाये म्हंतेत." त्याचा पाय राहिला बाजूला, मी आधी पत्ता विचारून घेतला. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "आणा. पण तो आला की आपल्यापैकी एकाला अंगणात झोपावं लागेल." घर दोन खोल्यांचं होतं, तेव्हा तिचं अगदीच चूक नव्हतं.

हिवाळ्यात निघालो. तुम्हीही जाणार असाल तर हिवाळ्यातच जा. धान कापून झालेलं असतं, हवा सुरेख असते आणि गावोगाव नाटकांची धूम असते. चंद्रपूरहून सकाळची एस.टी. धरली. मूलच्या स्टँडवर गरम भजी आणि इतका गोड चहा, की ओठाला ओठ चिकटावा. मूल सोडलं की दोन्ही बाजूंनी जंगल सुरू होतं आणि नाकातली चंद्रपूरच्या कोळशाची धूळ पहिल्यांदा साफ होते. रस्ता तेव्हा असा होता की खिडकीशी बसलेला माणूस मधूनमधून शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन येई.

माझ्या शेजारी एका नाटक कंपनीचा पेटीवाला होता, हार्मोनियम लेकरासारखी कुशीत धरून. जुन्या कॅमेऱ्याचा घड्याघड्यांचा कातडी भाता फाटलेला असणार हे मला ठाऊकच होतं. म्हटलं, भाऊ, तुमच्या पेटीचा भाता फाटला तर कशाने सांधता?

"बकरीचं पातळ कातडं अन् सरस. तुमची पेटी कुठी हाये?"

"माझी पेटी वाजत नाही, फोटो काढते."

तो इतका हसला की पुढच्या सीटवरच्या बाया वळून बघायला लागल्या. त्याने पिशवीतून कातड्याचा एक तुकडा काढून दिला आणि त्या बदल्यात गडचिरोलीपर्यंत मला नाटकातली तीन पदं ऐकावी लागली. वैनगंगा कधी ओलांडली कळलंसुद्धा नाही. गडचिरोलीत बस बदलून दुपारी चामोर्शी गाठली. त्या दिवशी नेमका आठवडी बाजार होता. बाजारात सुकलेले झिंगे, म्हणजे आपली सुकट, दिसली तर जरूर घ्या, फक्त परतीच्या बसमध्ये कोणाला सांगू नका.

डोमाजीभाऊंचं घर बाजारामागेच. पुढच्या खोलीत बंद पडलेला स्टुडिओ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली नवरा-बायकोच्या जोड्यांचे ओळीने फोटो. "जयभीम" झालं, पाणी झालं, आणि डोमाजीभाऊंनी कोपऱ्यातली गोधडी उचलली. सागवानी अंग, पितळेच्या पट्ट्या, वहीच्या पानाएवढी प्लेट घेणारा कॅमेरा! भाता चाळणी झालेला, मागची, चित्र दिसायची दुधी काच फुटलेली, तिपाईचा एक पाय सुतळीने बांधलेला. मी प्रेमातच पडलो.

"प्लेटा भेटत नाई आता," डोमाजीभाऊ म्हणाले. "अन् डोळ्याईवर पडदा येऊन राह्यला. काचेवर मले माणूस कोणता अन् झाड कोणतं, समजत नाई. घेऊन जा गा, बापू."

सौदा दोन वाक्यांत जमला. मी कॅमेऱ्याला हात घालणार, तोच दारातून त्यांच्या बायकोचा, सगुणाबाईंचा आवाज आला. "थांबा भाऊ. आधी आमचा दोघाईचा एक फोटो काढा. मंगच तो या घरातून जाईन."

डोमाजीभाऊ वैतागले. "काऊन हट्ट करून राह्यली वं?"

"अख्ख्या तालुक्यातल्या नवरा-बायकोले यायनं जोडीनं बसवलं, भाऊ. मीच तेवढी राह्यली. यायले दिसून राह्यलं तोवर तो फोटो निंघाला पाह्यजे."

"मी संगं बसलो असतो तं टोपी कोणं काढली असती?"

या कॅमेऱ्याला बटण नसतं. भिंगावरची टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी परत लावायची. आणि ती टोपी डोमाजीभाऊंनी आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या हाती दिलेली नव्हती. त्यामुळे दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता.

म्हणजे कॅमेरा न्यायचा तर तो तिथेच दुरुस्त करणं आलं. मी मुक्काम ठोकला. पडवीत बसून खिडकीची एक काच घेतली, मोटार गॅरेजमधून वॉल्व्ह घासायची पेस्ट आणली आणि दुसऱ्या काचेने ती दुधी होईपर्यंत गोल गोल घासत राहिलो. सगुणाबाई जाता-येता म्हणायच्या, "एवढ्यात तं मी जात्यावर पायलीभर दळलं असतं." भोकं शोधायला भात्यात टॉर्च ठेवून मी आणि डोमाजीभाऊ भरदुपारी एकाच गोधडीत शिरलो. उजेड दिसला की ते ओरडायचे, "इथी! इथी!" आणि मी कातड्याची चिंधी डकवायचो. शेजारच्या बाया जमल्या. सगुणाबाईंनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "दोघंई ताप काढून राह्यले."

जेवायला गरम भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची तिखट भाजी. मी लाजत लाजत तिसऱ्यांदा भात घेतला.

प्लेटांच्या जागी मी एक्स-रे फिल्म कापून नेली होती (डीलरकडून विकत घेतलेली, दवाखान्याची नव्हे, आधीच सांगून ठेवतो). तीनच तुकडे धड होते. सकाळी कडुनिंबाच्या सावलीत दोन खुर्च्या मांडल्या. सगुणाबाई पांढरं लुगडं नेसून, केस चापून बसल्या. मी काळ्या कपड्यात डोकं घातलं आणि माझ्याच हाताने घासलेल्या काचेवर ती दोघं उलटी लटकलेली पाहिली. अंगावर काटा आला.

पहिल्या फिल्मला टोपी काढली आणि डोमाजीभाऊ उठून चालत आले. "थोडा डावीकडं घे, बापू." फिल्म गेली. दुसऱ्या वेळी ते उठले नाहीत, पण टोपीचा हात कसा फिरवायचा ते हवेत करून दाखवलं. तीही गेली. सगुणाबाईंचा चेहरा उतरला. शेवटची फिल्म घातली तेव्हा त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "हालले तं पाहा."

टोपी काढली. डोमाजीभाऊ दगडासारखे स्थिर. पण इतक्या वर्षांची सवय कुठे जाणार? मिटल्या दातांतून त्यांचं पुटपुटणं मला ऐकू आलं, "हलू नका. हसू नका. श्वास धरा." मी टोपी लावली.

कॅमेरा तिथेच ठेवून चंद्रपूरला आलो आणि लाल दिव्यात फिल्म धुतली. डोमाजीभाऊ उमटले ते मिशीच्या केसान् केसासकट. सगुणाबाईंचं लुगडं स्वच्छ, हात स्वच्छ, आणि चेहरा हललेला. ते पुटपुटणं ऐकून त्यांना हसू फुटलं होतं! मी डोकं धरून बसलो. ज्यांच्यासाठी फोटो काढला, त्यांचाच चेहरा पुसट.

रविवारी प्रिंट आणि नव्या फिल्मा घेऊन पुन्हा तीच एस.टी. या वेळी भजीसुद्धा गोड लागली नाहीत. डोमाजीभाऊंनी प्रिंट दारात उजेडाला नेली, भिंग लावलं, बराच वेळ पाहिली. "हालली हे. गिऱ्हाइकाले असा फोटो म्या देल्ला नसता."

"मी का गिऱ्हाईक आहो का तुमची?" सगुणाबाईंनी प्रिंट हातातून काढून घेतली. मी म्हटलं, बाई, पुन्हा काढू, फिल्म आणलीय. त्या फोटोवरून नजर न हटवता म्हणाल्या, "नाई. भिंतीवरच्या साऱ्या जोड्या पाहा, सारे भेल्यावानी बसले हायेत. हा राहू द्या." मग त्या स्वतः उठल्या, कॅमेरा पदराने पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. डोळे ओले होते, त्यांचे आणि माझेही.

कॅमेरा बसच्या टपावर चढवला तेव्हा डोमाजीभाऊ खिडकीशी आले. चढताना मी तिपाई आपटली म्हणून आधी चार शब्द सुनावले. मग खाली बघत म्हणाले, "लोकाईले हलू नका म्हणत जा, बापू. हसू नका म्हणाचं नाई."

कॅमेरा आमच्या पुढच्या खोलीत उभा राहिला. अंगणात कोणालाही झोपावं लागलं नाही, पण पाहुण्यांना अजून त्याला वळसा घालून यावं लागतं. त्याने मी गल्लीतल्या आजी-आजोबांचे, नव्या जोडप्यांचे, बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणींचे फोटो काढले. डोमाजीभाऊंचं ऐकलं. त्यामुळे त्यातले निम्मे हललेले आहेत, आणि त्यातला एकही कोणी अजून परत करायला आलेला नाही.